'पाव' कुठून आला: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

खायचा 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, तो संस्कृत 'पाद'पासून, म्हणजे चौथा भाग या अर्थाने आला आहे आणि पावाला जपानीत 'पान' म्हणतात हा निव्वळ योगायोग आहे.

पावशेर आणि पाव किलो यांतला 'पाव' खरोखरच 'पाद'पासून आला. 'पाऊण' हादेखील मूळचा 'पादोन'. हे मूळ लेखात यायला हवे होते, ही आपली तक्रार मला मान्य आहे. परंतु खायचा पाव निराळा. मराठीत दोन्हींचा उच्चार एकच झाल्याने घोटाळा होतो. बंगालीत तो होत नाही, कारण तिथे चौथ्या हिश्शाला 'पोया' म्हणतात आणि पावाला 'पाउरुटी'. शिवाय हा चौथा भाग नेमका कशाचा? आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली लादी सहा पावांची असते. त्यातला एक सोडवला की भाजलेल्या तपकिरी पाठीखाली पांढरी, मऊ, तुटक्या धाग्यांची कड दिसते. त्या लादीत चाराचा हिशेब कुठेच बसत नाही.

लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणत. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला 'न' गळाला आणि त्याचा नाकातला सूर तेवढा मागे राहून 'पांव' झाले. हे एकाच शब्दापुरते घडलेले नाही: हातासाठीच्या लॅटिन 'मानुस'चे तिथे 'मांव' झाले, तर स्पॅनिशने 'न' राखून 'पान' आणि 'मानो' म्हटले.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1543 मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. भात खाणाऱ्या त्या देशात वस्तू नवी असल्याने नावही तिच्याबरोबरच आले, आणि शेवटचा अनुनासिक स्वर जपानी तोंडात 'न' झाला. तिथून ते कोरियात 'प्पांग' होऊन पोचले. शब्द, वस्तू आणि ती आणणारी माणसे अशी तिन्ही एकत्र सापडतात, तेव्हा मला योगायोग म्हणवत नाही.

गोव्यात तर पाव भाजणाऱ्याचे नावही सोबत आले. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत दारी येणारा 'पोदेर' म्हणजे पोर्तुगीज 'पादेइरो', आणि 'पाद'पासून तो काही केल्या निघत नाही.