अंगचं रक्त आणि इंजेक्शनचं रक्त
खेळातल्या उत्तेजकांवरच्या एका लेखात, औषध घेतलं की फसवणूक आणि अंगचं असेल ती गुणवत्ता, अशी सरळ रेघ लेखकाने मारली आहे. मला ती पटली नाही. फिनलंडचा ईरो मांतिरांता घ्या. १९६४च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन वैयक्तिक सुवर्णं. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन भलतंच जास्त, म्हणून उत्तेजक घेतल्याचा संशय कायम मागे. १९९३मध्ये संशोधकांनी कारण शोधलं: ईपीओ म्हणजे लाल रक्तपेशी वाढवणारं शरीरातलं संप्रेरक; पेशींवर ते टिपणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातला आनुवंशिक बदल. इतरांनी तेच ईपीओ टोचून घेतलं तर बंदी, आणि विरळ हवेच्या तंबूत झोपून वाढवलं तर चालतं!

ईपीओवर बंदी हवीच, पण कारण वेगळं. रक्त दाट होऊन गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि एकाने घेतलं की बाकीच्यांवरही दबाव येतो. ‘नैसर्गिक’ हा निकष मात्र सोयीने वापरला जातो. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) जास्त असलं तरी तिचं स्वतःचंच होतं; तरी महिला गटात ८०० मीटर धावायचं तर औषधाने ते कमी कर, असं तिला सांगितलं गेलं. आपली धावपटू द्युती चंद हिलाही २०१४मध्ये याच मुद्द्यावर संघातून वगळलं होतं. महिला गटाला सीमा लागते, हे मान्य. पण निरोगी खेळाडूला गोळ्या घ्यायला लावणं कुठल्या नीतीत बसतं, यावर लेखात एक ओळही नाही.