ग्रिनेल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची यादी नीट वाचा, त्यात खूप काही दडलंय

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचं (म्हणजे जिथे कला, सायन्स असे सगळे विषय मिळून पदवीचं शिक्षण देतात) नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथून कोण मोठं झालंय?" प्रश्नात वावगं काही नाही, एवढा पैसा घालायचा म्हटल्यावर आईवडील विचारणारच. पण उत्तर म्हणून जी नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी हातात पडते ना, ती लोक स्कोअरबोर्डसारखी वाचतात. नोबेल किती, ऑस्कर किती, झालं. मला हे मनापासून खटकतं. अशी यादी नीट वाचली तर कॉलेज कसं आहे हे कळतं, नुसती नावं मोजून काहीच कळत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मी एकच कॉलेज घेते, ग्रिनेल. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांच्या मधोमध साधारण नऊ हजार वस्तीचं गाव आहे, गावाचं नावही ग्रिनेलच. कॉलेजात सगळी मिळून सतराशेच्या आसपास मुलं. १८४६ ची स्थापना, तेव्हा नाव आयोवा कॉलेज होतं आणि ते डॅव्हनपोर्टला होतं, नंतर इकडे आलं. १८८२ च्या जूनमध्ये टोर्नेडोने कॅम्पसच जमीनदोस्त केला, तो परत उभा केला. पीएचडी, मेडिकल, लॉ असलं काही नाही, फक्त चार वर्षांची पदवी. म्हणजे प्रोफेसरांचा वेळ खाणारे रिसर्च स्टुडंट्स नाहीत, जो काही वेळ आहे तो अठरा-वीस वर्षांच्या पोरांचा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता रॉबर्ट नॉइस. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचा सहसंस्थापक, इंटिग्रेटेड सर्किट म्हणजे चिपचा शोध ज्यांच्या नावावर आहे त्या दोघांपैकी एक, १९४९ ची बॅच. वडील पाद्री, घर ग्रिनेल गावातच. शाळेत शेवटच्या वर्षाला असतानाच ग्रँट गेल नावाच्या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी त्याला कॉलेजच्या वर्गात बसू दिलं होतं. १९४८ च्या वसंतात काय झालं, तर होस्टेलवर हवाईयन थीमची पार्टी ठरली, त्याला भाजायला डुक्कर हवं, आणि या पठ्ठ्याने एका मित्राबरोबर रात्री जवळच्या शेतावरून डुकराचं पिल्लू उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी मन खायला लागलं म्हणून दोघे स्वतःच शेतकऱ्याकडे गेले, कबुली दिली, पैसे देऊ म्हणाले. पण आयोवा म्हणजे शेतीचं राज्य, तिथे पाळीव जनावर चोरणं हा गंभीर गुन्हा, कॉलेजच्या डीनने नॉइसच्या आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात किमान वर्षभराच्या तुरुंगवासाचा उल्लेख होता. गेल सर आणि कॉलेजचे प्रेसिडेंट मध्ये पडले, रदबदली केली, आणि शेवटी एका सेमिस्टरच्या सस्पेन्शनवर भागलं. नॉइसने ते सेमिस्टर न्यूयॉर्कला एका इन्शुरन्स कंपनीत आकडेमोड करत काढलं आणि १९४९ च्या सुरुवातीला परत आला.

याच काळात बेल लॅब्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेने ट्रान्झिस्टर, म्हणजे आजच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया असलेला छोटा भाग, जाहीर केला होता, जून १९४८ मध्ये. गेल सरांनी पेपरात बातमी वाचली आणि थेट पत्रापत्री सुरू केली, कारण शोध लावणाऱ्यांपैकी जॉन बार्डीन हे त्यांच्या ओळखीचे, आणि बेल लॅब्सचे प्रेसिडेंट ऑलिव्हर बकली कोण, तर ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी! तिकडून माहिती आली, आणि मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या अभ्यासक्रमात ज्याचा पत्ता नव्हता ते मक्याच्या शेतातल्या एका कॉलेजात मूठभर मुलं शिकायला लागली. नॉइस पुढे एमआयटीला गेला तेव्हा तिथे या विषयात शिकवण्यासारखं फारसं काही अजून नव्हतं.

बघा आता, यादीत काय दिसतं? "रॉबर्ट नॉइस, इंटेल." बस. गेल सर दिसत नाहीत, बकलींना टाकलेलं पत्र दिसत नाही, आणि चोरी केलेल्या पोराला हाकलून न देता परत घ्यायचा निर्णय दिसत नाही. मला विचाराल तर या तीन गोष्टी म्हणजेच ग्रिनेल. शिक्षा झाली, खरीखुरी झाली, पण दार बंद केलं नाही. एवढ्या लहान जागी प्रोफेसर मुलाला घरापासून ओळखत असतो, म्हणून तो छातीठोकपणे सांगू शकतो की हा पोरगा तसा नाही. हजारो मुलांच्या कॅम्पसवर हे कोण कोणासाठी सांगणार?

नॉइसने ते ध्यानात ठेवलं. पुढे तो कॉलेजचा ट्रस्टी झाला, आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूरबरोबर इंटेल काढली तेव्हा ग्रिनेलच्या बाजूने त्यात ३ लाख डॉलर गुंतवले गेले, त्यातला काही भाग कॉलेजचा आणि बाकीचा दोन ट्रस्टींनी पदरचा घातलेला. त्यातले एक जोसेफ रोझनफील्ड, तेही तिथलेच माजी विद्यार्थी, १९२५ ची बॅच. याच रोझनफील्डनी प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफेंना बोर्डावर आणलं, आणि १९७६ मध्ये कॉलेजने ओहायोत डेटनचं एक टीव्ही स्टेशन विकत घेतलं आणि काही वर्षांनी कितीतरी पटीने विकलं. आज कॉलेजच्या फंडात दोन अब्ज डॉलरच्या वर रक्कम आहे आणि गरजू मुलांच्या स्कॉलरशिपा त्यातून निघतात. रोझनफील्ड नामवंत म्हणून किती जणांना माहीत आहेत? जवळपास कोणालाच नाही. पण कॉलेज आज ज्या पैशावर उभं आहे त्यात या माणसाचा वाटा फार मोठा.

दुसरा धागा थोडा जुना आहे. हॅरी हॉपकिन्स, १९१२ ची बॅच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा उजवा हात, महामंदीत डब्ल्यूपीए ही रोजगार योजना त्यानेच उभी केली, तिच्यातून एकंदर ८५ लाख लोकांना काम मिळालं. नंतर महायुद्धात तो चक्क व्हाइट हाउसमध्येच राहायला होता आणि १९४१ मध्ये आधी चर्चिलला आणि मग स्टालिनला भेटायला रूझवेल्टने त्यालाच धाडलं. आता ग्रिनेलमध्ये त्याला शिकवायला कोण होतं बघा, एडवर्ड स्टायनर, स्वतः युरोपातून आलेला स्थलांतरित, ज्यू घरात जन्मलेला, जहाजाच्या तळाच्या वर्गात गरीब स्थलांतरितांबरोबर प्रवास करून त्यांच्यावर लिहिणारा माणूस. गरिबाला भीक नको, काम द्या, हा हॉपकिन्सचा आग्रह कुठून आला असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

आणि डब्ल्यूपीएमध्ये नाटकवाल्यांसाठी फेडरल थिएटर प्रोजेक्ट सुरू करायची वेळ आली, १९३५ मध्ये, तेव्हा हॉपकिन्सने बोलावलं हॅली फ्लॅनगनला. त्या ग्रिनेलच्याच, त्याच्या एक वर्ष पुढे. बायकांच्या रोजगाराचं काम फ्लॉरेन्स कर यांच्याकडे आलं, त्या तर त्याच्याच वर्गातल्या! कोणी म्हणेल हा वशिला झाला. मला नाही वाटत. फ्लॅनगन तोवर व्हॅसर कॉलेजात प्रायोगिक रंगभूमीचं काम करून नाव कमावून बसल्या होत्या, गुगेनहाइम फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी एक त्या. त्यांच्या प्रोजेक्टने ऐन भरात बारा हजारांच्या वर बेकार नाट्यकर्मींना पगार दिला. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांना अमेरिकी संसदेच्या कमिटीपुढे उभं केलं, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून, आणि तिथे जो स्टार्न्स नावाच्या खासदाराने क्रिस्टोफर मार्लोचं नाव ऐकून विचारलं की हा मार्लो कम्युनिस्ट आहे का. सोळाव्या शतकातला नाटककार! फ्लॅनगन बाईंनी शांतपणे सांगितलं की शेक्सपिअरच्या लगेच आधीच्या काळातला तो सर्वांत मोठा नाटककार आहे, तशी नोंद करून घ्या. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट बंद पाडला गेला तो गेलाच, पण मला हे उत्तर फार आवडतं.

कमिटीवरून आठवलं, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधत लोकांवर आरोप करणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला ९ जून १९५४ रोजी टीव्हीवर सगळ्या देशासमोर "तुम्हाला काही सभ्यता उरली आहे की नाही?" असं विचारणारे वकील जोसेफ वेल्च, तेही ग्रिनेलचे, १९१४ ची बॅच.

बरं, आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. यातले किती जण सरळ रेषेत गेले? हर्बी हॅनकॉक, शिकागोचा कृष्णवर्णीय मुलगा, अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनीबरोबर मोझार्ट वाजवलेला, ग्रिनेलला आला तो १९५६ मध्ये, इंजिनिअरिंगचा विचार करून. तिथे त्याने कॉलेजातलीच पोरं गोळा करून जॅझ कॉन्सर्ट उभी केली आणि मग लक्षात आलं की आपल्याला हेच करायचंय, विषय बदलून म्युझिक घेतलं. १९६३ मध्ये तो नामांकित जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता. पण इलेक्ट्रॉनिक्सचं वेड काही सुटलं नाही, सत्तरच्या दशकात सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य घेऊन जॅझमध्ये एवढं काम करणारे जे मोजके लोक होते त्यांत तो पुढे. विषय सोडला म्हणजे ते शिकणं वाया गेलं असं कुठे असतं?

किंवा थॉमस चेक बघा, १९७० ची बॅच, केमिस्ट्री. आरएनए स्वतःच एन्झाइमसारखं काम करू शकतं हे दाखवल्याबद्दल १९८९ चं नोबेल, सिडनी ऑल्टमनबरोबर विभागून. कॉलेजच्या आठवणीत ते केमिस्ट्रीच्या जोडीला होमर, दान्ते आणि राज्यघटनेचा इतिहास आवडल्याचं सांगतात, बायकोही तिथल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्येच भेटली. यांनीच १९९९ मध्ये लेख लिहून दाखवलं होतं की पदवीधरांच्या प्रमाणात बघितलं तर चांगल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांतून सायन्समध्ये पीएचडी करणारे साधारण दुप्पट निघतात. कारण सोपं आहे, पदवीच्याच वर्षांत प्रोफेसरच्या शेजारी उभं राहून खरं काम करायला मिळतं. "लिबरल आर्ट्स म्हणजे सायन्स न जमणाऱ्यांसाठी" हा गैरसमज निदान एवढ्या एका माणसासाठी तरी डोक्यातून काढा.

गॅरी कूपरचं नाव पण यादीत असतं, दोन ऑस्करवाला नट. तो दीड-दोन वर्षं होता, पदवी घेतलीच नाही, आणि कॉलेजच्या ड्रामा क्लबने त्याला घेतलं नव्हतं. त्यामुळे त्याचं श्रेय कॉलेजने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशातून आलेले दोघे मात्र मला फार जवळचे वाटतात. सेन कातायामा, जपानमधल्या शेतकरी घरातला, मोलमजुरी करत शिकला, १८९२ ची बॅच. परत जाऊन टोकियोत कामगार चळवळ उभी केली. १९०४ मध्ये रशिया आणि जपानचं युद्ध पेटलेलं असताना अ‍ॅमस्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत त्याने रशियाचे समाजवादी नेते प्लेखानोव यांच्याशी सगळ्यांसमोर हात मिळवला. १९३३ मध्ये मॉस्कोत वारला, क्रेमलिनच्या भिंतीत त्याच्या अस्थी आहेत. आणि जॉन गरांग, दक्षिण सुदानचा, लहानपणी अनाथ झालेला, स्कॉलरशिपवर ग्रिनेलला आला, १९६९ मध्ये इकॉनॉमिक्सची पदवी. १९८३ पासून सुदान सरकारविरुद्ध बावीस वर्षं लढा, जानेवारी २००५ मध्ये शांतता करार, ९ जुलैला सुदानचा उपराष्ट्रपती आणि ३० जुलैला हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू. दक्षिण सुदान स्वतंत्र झाला २०११ मध्ये. एकाच गावातून क्रेमलिनच्या भिंतीपर्यंत, इंटेलपर्यंत आणि एका नव्या देशाच्या जन्मापर्यंत वाटा गेल्या. सगळे एका साच्यातले असते तर हे झालं नसतं, आणि मला कॉलेजचं यश यातच दिसतं. शंभर सीईओ निघाले असते तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

एक नाव मुद्दाम शेवटी ठेवलंय. ईडिथ रेनफ्रो स्मिथ. १९१४ चा जन्म, ग्रिनेल गावातच वाढलेल्या, १९३७ मध्ये कॉलेजातून पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पुढे शिकागोला सरकारी शाळेत वर्षानुवर्षं लहान मुलांना शिकवलं. ना नोबेल, ना कंपनी, कित्येक दशकं नामवंतांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. कॉलेजने मानद डॉक्टरेट दिली ती २०१९ मध्ये, वयाची शंभरी उलटून गेल्यावर, अलीकडे एका इमारतीला त्यांच्या घराण्याचं नावही दिलंय. आणि शिकागोत या बाईंच्या शेजारी कोण राहायचं, तर हॅनकॉक कुटुंब! हर्बी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. मला राग येतो तो एवढ्याचाच, की यादीत हर्बीचं नाव कायम ठळक आणि रेनफ्रो बाईंचं यायला ऐंशी वर्षं लागली.

गेल सरांच्या नावाने कॉलेजात वेधशाळा आहे आणि नॉइसच्या नावाने सायन्स सेंटर, एवढं तरी त्यांनी बरं केलंय. पण माझं म्हणणं आहे की प्रत्येक कॉलेजने अशा यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवावा, याला कोणी शिकवलं. आणि अ‍ॅडमिशनसाठी कॉलेजं बघत असाल तर त्यांच्या माणसांना हे नक्की विचारा, की पहिल्या वर्षाचे वर्ग अनुभवी प्रोफेसर घेतात का, मध्येच विषय बदलायचा झाला तर किती सहज बदलता येतो, आणि एखादं मूल घसरलं, चुकलं, तर त्याचं पुढे काय करता. तिसऱ्या प्रश्नाला छापील उत्तर आलं तर मग अजून दोन कॉलेजं बघा.

तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कोणी अशा छोट्या कॉलेजात शिकलं असेल तर मला कळवा, तिथे तुमच्यासाठी मध्ये पडलेला प्रोफेसर कोणता विषय शिकवायचा आणि नेमकं काय केलं त्यांनी.