‘एकदा रेकॉर्ड करा, हजार एंट्र्या आपोआप’: या दाव्यात काय खरं, काय खोटं

अकाउंटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. एसएपीत, म्हणजे कंपन्यांच्या हिशेब-खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक एंट्री रेकॉर्ड करा, एक्सेलची शीट जोडा, बटण दाबा, हजार एंट्र्या आपोआप. चूक होणार नाही, आयटीला विचारायला नको, रेकॉर्डिंग कायम चालेल, आणि डेटा एंट्रीला माणसं लागणार नाहीत. गोव्यातल्या वेर्णा, कुंडईच्या कंपन्यांतल्या लोकांना मी हेच तंत्र शिकवतो आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच हा मजकूर असाच पुढे पाठवला जाणं मला पटत नाही.

आधी ‘एक एंट्री रेकॉर्ड केली की झालं’ हे घेऊ. एसएचडीबीत, म्हणजे एसएपीच्या रेकॉर्डिंगच्या स्क्रीनवर, रेकॉर्डिंग सुरू केलं की एसएपी कोणता प्रोग्रॅम, कितव्या नंबरचा स्क्रीन, कोणतं फील्ड आणि त्यात काय टाकलं एवढंच टिपतं. ते का टाकलं, हे त्यात कुठेच येत नाही. समजा तुम्ही म्हापशाच्या पुरवठादाराचं बिल रेकॉर्ड केलंत. त्याचा जीएसटी नंबर ३० ने, म्हणजे गोव्याच्या कोडने, सुरू होतो, म्हणून राज्यातल्या खरेदीचा सीजीएसटी-एसजीएसटीचा टॅक्स कोड टाकलात. शीट जोडताना पुरवठादार, रक्कम, तारीख, बिल नंबर हे सगळं बदलतं ठेवलं, टॅक्स कोड मात्र रेकॉर्डिंगमधलाच राहिला. आता कोल्हापूरहून आलेल्या मालाचं बिल, ज्याच्या पुरवठादाराचा नंबर २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने, सुरू होतो आणि ज्यावर परराज्यातल्या खरेदीचा आयजीएसटी आहे, तेही त्याच कोडने पोस्ट होणार. डॉक्युमेंट नंबर व्यवस्थित मिळतो. घोळ उघडा पडतो तो इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळवायला बसल्यावर, आणि तोवर अशी किती बिलं गेली ते शोधत बसावं लागतं.

शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळी न आलेला एखादा पॉप-अप मधेच आला की गाडी तिथेच अडते. मोठ्या मॉनिटरवर तक्त्याच्या वीस ओळी दिसत होत्या आणि लॅपटॉपवर बाराच दिसतात, तर तेराव्या ओळीला तेच होतं. त्यासाठी स्क्रीनचा आकार ठरावीक ठेवायचा पर्याय आहे, पण तो निवडायला हवा हे माहीत असावं लागतं.

‘चूक होत नाही’ हा तर सगळ्यांत घातक भाग. टायपिंगची चूक टळते, हे खरं. पण शीटमधली चूक हजार वेळा जशीच्या तशी आत जाते. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी बँक खातं साध्या नंबर फॉरमॅटमध्ये टाकलं की शेवटचा अंक शून्य होतो. खात्याच्या सुरुवातीची शून्यं तर सरळ गळतात. तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायला हवा.

तारखेचं आणखी वाईट. शीटमध्ये ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल. ज्याच्या लॉगिनने चालवताय त्याच्या प्रोफाइलला महिना आधी असा फॉरमॅट असेल, तर एसएपी ते चार मार्च समजतं. एप्रिलच्या सुरुवातीला वर्षअखेरीच्या कामासाठी मार्चचा पिरियड बहुतेक ठिकाणी उघडा असतो. म्हणजे नव्या वर्षाचं बिल बिनबोभाट जुन्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं.

आयटीला विचारायला नको? एसएपी जीयूआय स्क्रिप्टिंग, म्हणजे स्क्रीनवरची कामं रेकॉर्ड करायचं दुसरं साधन, सर्व्हरवर मुळातच बंद असतं. ते सुरू करणं बेसिसवाल्यांच्या, म्हणजे एसएपी सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या, हातात. एसएचडीबीलाही परवानगी लागते. दुसऱ्याचा पासवर्ड घेऊन काम उरकणारे आहेत, पण मग प्रत्येक डॉक्युमेंटवर त्या दुसऱ्याचंच नाव लागतं. ऑडिटमध्ये उत्तर त्याला द्यावं लागेल. हे कुणीही करू नये.

कायम चालतं हेही चुकीचं. खरेदी ऑर्डर बनवायच्या एमई२१एनसारख्या नव्या धाटणीच्या ट्रान्झॅक्शनना हे जुनं बॅच इनपुट, म्हणजे रेकॉर्डिंगवरून एंट्र्या एकगठ्ठा भरणं, मुळातच नीट झेपत नाही. तिथे बापी, म्हणजे स्क्रीन न उघडता डेटा आत घेणारा एसएपीचा तयार प्रोग्रॅम, वापरावी. आणि एस/४ हाना या एसएपीच्या नव्या आवृत्तीवर गेल्यावर पुरवठादार बनवायची एक्सके०१ उघडायला जावं तर समोर बीपी (बिझनेस पार्टनर) ही वेगळीच स्क्रीन उघडते. एक्सके०१ वर बेतलेलं रेकॉर्डिंग तिथे निरुपयोगी. ईसीसी या एसएपीच्या जुन्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट फार तर २०२७ अखेरपर्यंतच आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या दारात आलेला आहे.

राहिला माणसांचा मुद्दा. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच, कारण फोंड्याहून, मडगावहून रोज बसने येऊन वर्षानुवर्षं ही बिलं भरणाऱ्या मुलींना कोणता पुरवठादार बिल नंबर कसा लिहितो, कोणाचं खातं मध्येच बदललं, हे तोंडपाठ असतं. शीट तपासायला त्याच लागतात. आधी टेस्ट सिस्टिममध्ये शीटच्या चार-पाच ओळी फोरग्राउंडला, म्हणजे प्रत्येक स्क्रीन बघत चालवायच्या. त्यात एक कोल्हापूरचं बिल मुद्दाम घालायचं. मग खरी बॅच. एसएम३५ या बॅचच्या यादीत अडकलेल्या एंट्र्या वेगळ्या राहतात, त्यांचा लॉग एकेक करून वाचावा लागतो, आणि त्यातली कोणती दुरुस्त करायची नि कोणती पुरवठादाराला फोन करून परत पाठवायची, हे ज्यांनी ती बिलं हाताने भरली आहेत त्यांनाच ठरवता येतं.