‘नव्वद मिळवा, चिन्ह विसरा’ म्हणे!

लातुरात अकरावीच्या लेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्रिकोणमितीचा एक मेसेज फिरतोय. मलाच तिघांनी पाठवला. ‘साइनचं कोसाइन करायचंय? कोनात ९० मिळवा, चिन्ह बघत बसू नका. किंमत पाहिजे तर १ मधून साइनचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या. कोणताही कोन चालतो. को म्हणजे नुसतं नाव आहे.’

पहिलंच वाक्य उलटं आहे. साइन ३० म्हणजे अर्धा. ९० मिळवले की कोसाइन १२०, म्हणजे उणे अर्धा. इथं ९० वजा करायचे असतात. कोसाइन उणे ६० काढा, अर्धा येतो. मिळवायचे ते कोसाइनचं साइन करताना. गंमत अशी की ० घालून तपासलं तर साइन ० आणि कोसाइन ९० दोन्ही शून्यच, म्हणून चूक लपते. मेसेजवाल्यानं तेवढंच तपासलं असावं.

वजा का, हे पाठ करू नका, पंचमीचा झोका आठवा. लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका मधून पुढं जाताना घड्याळ सुरू केलं, तर अंतर शून्यापासून वाढत जातं. ते साइन. पुढच्या टोकाला, जिथं झोका क्षणभर थांबतो आणि पोटात गोळा येतो, तिथं सुरू केलं तर अंतर सुरुवातीलाच सगळ्यात जास्त. ते कोसाइन. झोका एकच, पण कोसाइन पाव फेरी पुढं. त्याला साइनच्या जागी आणायचं तर मागं ओढावं लागणार, म्हणून वजा. (फार उंच गेलेला झोका या सूत्रात नेमका बसत नाही, पण इथं चालून जाईल.)

वर्गमूळाची युक्ती दहावीपुरती ठीक, कारण तिथं कोन ९० च्या आतच असतो. साइन १५० अर्धा, वर्गमूळ ०.८६६, आणि खरं कोसाइन १५० मात्र उणे ०.८६६. कोन कोणत्या चरणात (० ते ९०, ९० ते १८० अशा चार भागांपैकी कुठल्या) आहे, हे वर्गमूळाला कुठून कळणार?

‘नुसतं नाव’ कसं? आपल्या जुन्या गणितात साइनला ‘ज्या’ आणि कोसाइनला ‘कोटिज्या’ असंच म्हणत. आजही ९० ची बेरीज होणाऱ्या कोनांना आपण कोटिकोन म्हणतो. लॅटिनमधलं ‘को’सुद्धा त्याच अर्थाचं. कोटिकोनाचं साइन ते कोसाइन: साइन ६० बरोबर कोसाइन ३०.

खरी गोची भौतिकशास्त्रात होते. ५ साइन २टी (टी म्हणजे वेळ) याचं कोसाइन म्हणजे ५ कोसाइन (२टी वजा पाय भागिले २); पाय म्हणजे π. तिथं कोन अंशांऐवजी रेडियन या एककात मोजतात, म्हणून ९० च्या जागी पाय भागिले २. आणि ते वजा होतं अख्ख्या २टी मधून, नुसत्या टी मधून नाही. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी टी मधूनच वजा करतं. मग २ नं गुणून पूर्ण पाय वजा होतो आणि हाती उरतं उणे ५ कोसाइन २टी. टी शून्य ठेवा: मूळ साइन ० देतं, हे देतं उणे ५. वेळेतूनच वजा करायचं असेल तर पाय भागिले ४ करा.