फोंड्यातल्या दोन सरकारी शाळा आणि ‘कुठली बरी?’ हा प्रश्न

जून जवळ आला की ओळखीतले पालक विचारायला लागतात: दोन्ही सरकारीच, मग मुलाला घालू कुठे? मला विचारतात कारण माझी मुलगी बाजाराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे आणि भावाचा मुलगा शहराच्या कडेच्या. नावं घेत नाही. गोव्यातलं आमचं फोंडा केवढं ते, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

खातं एक, पाठ्यपुस्तकं तीच, शिक्षकांची वेतनश्रेणी तीच. माध्यान्ह आहार दोन्हीकडे बचत गटाचा, त्यामुळे पावभाजीबद्दलच्या तक्रारीही सारख्याच. गणवेश आणि रेनकोट दोघांनाही मिळतो, आणि दोघांनाही अर्धा पावसाळा संपल्यावर.

तरी फरक आहे, आणि तो मोठा आहे. मुलीच्या शाळेत चार वर्गांना चार शिक्षक. पुतण्याच्या शाळेत चार वर्गांना दोन. मागे त्याला आणायला लवकर गेलो तेव्हा खिडकीतून बघत उभा राहिलो. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, उजवीकडे चौथीचे अपूर्णांक. टीचर डाव्या बाजूला समजावतायत, तोवर चौथीने फळ्यावरचं उतरवून काढायचं. उतरवून झालं की? बसायचं, नाहीतर खोड्या काढायच्या. मध्येच एकजण, “टीचर, उदक पिवंक वचूं?” त्याच्या मागोमाग सगळ्यांनाच तहान. त्यात दुसऱ्या टीचर त्या दिवशी मतदारयादीच्या कामाला गेलेल्या, म्हणजे पहिली-दुसरीही याच टीचरांच्या गळ्यात. आहाराची नोंदवही टेबलावर उघडीच होती, ती भरायची राहिलेली.

यावर लोक पटकन म्हणतात, “तिथल्या टीचर बऱ्या नाहीत.” हे मला अजिबात मान्य नाही. नुसत्या शिक्षकावरून निवडायचं तर मी पुतण्याच्या टीचर निवडेन. पुस्तक मराठीत, समजावणं कोंकणीत, आणि कर्नाटकातून कामाला आलेल्यांची जी मुलं वर्गात आहेत त्यांच्यासाठी मोडकीतोडकी कन्नडही त्या शिकल्यात. कुठलं मूल सकाळी उपाशी आलंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. पण माणूस एक, वर्ग दोन. पाच तासांची शाळा असली तरी प्रत्येक वर्गाच्या वाट्याला अडीच तासच येणार. हिशेब एवढा सरळ आहे.

मुळात ही गोम पटात आहे. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) प्राथमिकसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. इयत्ता किती आहेत हे त्या तक्त्यात येतच नाही. म्हणजे ६० मुलांच्या शाळेत चार वर्ग दोघांनी ओढायचे आणि ९१ मुलं झाली की प्रत्येक वर्गाला आपला शिक्षक. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत म्हटलंय, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून! चार शिक्षकांतला एक गेला तर निभावतं. दोघांतली एक गेली की शाळेचं पाळणाघर होतं.

आणि पट का घसरतो? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यांतच आमचे आईवडील शिकले. त्यांच्याच नातवंडांना आम्ही तिसऱ्या वर्षी खासगी केजीत नेऊन घालतो, कारण सरकारी प्राथमिक सुरूच पहिलीपासून व्हायची. एकदा केजीत रुळलेलं मूल पहिलीला कोण हलवतो? २०११ साली इंग्रजी प्राथमिकला अनुदान द्यायचं ठरलं त्यावर गोव्यात रणं माजली, ती माजायलाच हवी होती. पण माध्यमावर भांडणाऱ्या कितीजणांची मुलं सरकारी मराठी शाळेत होती, हेही एकदा विचारायला हवं. (या वाक्यावर शिव्या पडणार, माहीत आहे.)

माझं मत विचाराल तर शहरात अशा दोन-तीन शाळा एकत्र करा. खेड्यात नको. सत्तरी-सांगे तालुक्यांत वाड्यावरची शाळा बंद झाली तर पहिलीतलं पोर रानातून चालत जाणार का? पण फोंड्यात दोन शाळांमधलं अंतर स्कूटरने दहा मिनिटंही नाही. अनुदानित शाळांना मुलांची ने-आण करायला सरकारने बालरथ बसगाड्या दिल्या, तशी एखादी गाडी इथे फिरवा आणि चार वर्गांना चार शिक्षक द्या. मात्र आधी गाडी, मग कुलूप. उलट क्रमाने केलंत तर मजुरांची मुलं पहिल्या आठवड्यातच गळतील, आणि त्यांच्यासाठी फेसबुकवर लिहायला कोणी बसणार नाही.

तोवर ज्यांना यंदा प्रवेश घ्यायचाय त्यांनी रंगवलेल्या भिंती बघू नका. कामाच्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला जा आणि किती वर्गांत मोठं माणूस उभं आहे ते मोजा.

भाऊ मुलाला आमच्या शाळेत आणायचं म्हणतोय. मीही आण म्हटलंय. तिथला पट आणखी एकाने उतरणार हे आम्हा दोघांनाही कळतं. शाळा सोडल्याचा दाखला मागायला त्या टीचरांसमोर जायचं कोणी, यावर सध्या घरात वाद चालू आहे.