‘आब्लार’ची सहा रूपे पाठ केली की वर्तमानकाळ आला?

स्पॅनिश शिकू लागलेल्यांना समाजमाध्यमांवर एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, या क्रियापदाची सहा रूपे पाठ करा, प्रत्येक वाक्यात सर्वनाम घाला, चालू क्रियेसाठी वेगळी रचना वापरा, नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ झाला. हा सल्ला नवशिक्यांचे नुकसान करतो, म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद आवश्यक वाटतो.

आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान (अनुक्रमे मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते) हा नमुना फक्त ‘-आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना लागू पडतो. ‘कोमेर’ (खाणे) आणि ‘बिबिर’ (राहणे) यांचे गट निराळे आहेत. मात्र ते एकमेकांपासून दोनच ठिकाणी फुटतात: कोमेमोस पण बिबिमोस, कोमेइस पण बिबिस.

सर्वनामाचा आग्रह तर सर्वांत घातक आहे. ‘आब्लो’मधील ‘-ओ’ हाच ‘मी’ असल्यामुळे, दर वाक्यात ‘यो’ घातल्यास ऐकणाऱ्याला ‘मीच बोलतो’ असा ठसका जाणवतो. आपणही ‘उद्या येतो’ म्हणताना ‘मी’ गाळतोच. सर्वनाम खरोखर लागते ते ‘आब्ला’पाशी, कारण तो, ती आणि आदरार्थी ‘उस्तेद’ या तिघांचे रूप एकच आहे, आणि मराठीतल्या ‘बोलतो-बोलते’प्रमाणे स्पॅनिश क्रियापद लिंग दाखवत नाही. ‘उस्तेद’ला तृतीयपुरुषी एकवचनी रूप लागते, हे ‘तुम्ही बोलता’ची सवय असलेल्या मराठी माणसाच्या विशेष लक्षात राहायला हवे.

चालू क्रियेसाठी ‘एस्तोइ कोमिएन्दो’ (मी खात आहे) ही रचना आहे हे खरे, पण ती नेहमीच अनिवार्य नसते. ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या मित्राला ‘के कोमेस?’ असे साध्या वर्तमानकाळात विचारता येते, जसे आपण ‘काय खातोस?’ विचारतो. ‘मान्याना आब्लो कोन एया’ म्हणजे उद्या तिच्याशी बोलतो. ‘बिबो एन सेबिया देस्दे 2019’ म्हणजे 2019पासून सेबियात राहतो आहे. भविष्यातली क्रिया आणि भूतकाळात सुरू होऊन अद्याप टिकलेली स्थिती, दोन्ही याच साध्या रूपांत मावतात.

शिवाय ही सहा रूपे सर्वत्र सारखी चालत नाहीत. ‘आब्लाइस’ प्रामुख्याने स्पेनमधले. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस आब्लान’ म्हणतात. अर्जेंटिनात एका मित्राला ‘बोस’ (तू) म्हणतात आणि ‘आब्लास’चा आघात शेवटच्या अक्षरावर देतात. त्यामुळे ‘बिबिस’ हे रूप माद्रिदमध्ये अनेक मित्रांना, तर ब्युनोस आयर्समध्ये एकाच मित्राला उद्देशून वापरले जाते.