कायमचं न्यायालय नव्हतं, पण सोय होती

‘१७८९ पूर्वी अमेरिकेतल्या राज्यांचे आपसातले तंटे सोडवायला काही व्यवस्थाच नव्हती’ हे एका लेखातलं वाक्य चूक आहे. आजच्या संविधानाआधी राज्यांना बांधणारा जो संघराज्य करार होता, त्याच्या नवव्या कलमात ती होती. न्यायाधीशांवर एकमत झालं नाही, तर प्रत्येक राज्यातली ३ नावं घ्यायची, दोन्ही पक्षांनी आळीपाळीने एकेक खोडत १३ उरवायची, मग त्यांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडायचे. पेनसिल्व्हेनिया आणि कनेटिकट ही दोन्ही राज्यं वायोमिंग खोऱ्यावर हक्क सांगत होती; याच कलमाखाली ट्रेंटन शहरात ५ न्यायाधीशांनी ३० डिसेंबर १७८२ ला ते पेनसिल्व्हेनियाला दिलं आणि कनेटिकटने ते मानलं.

खरी उणीव पुढची. तिथे घरं बांधून राहिलेल्या कनेटिकटच्या लोकांच्या जमिनींचं काय, हे निकालात नव्हतंच. १७८४ ला पुन्हा बंदुका निघाल्या. माझं आजोळ बेळगावकडचं, म्हणून हे फार लागतं. शेताचा कन्नडमधला उतारा आजी शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची.